उसवेकाका आणि ती मळकट पट्टी

उसवेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर ठसठशीत रंगवलेलं होतं, पण पाटी वाचतो कोण? गल्लीने एकदा त्यांना उसवेकाका ठरवलं ते ठरवलं. कारण हा शिंपी शिवायचा कमी आणि उसवायचा जास्त.

दुसऱ्याने शिवलेलं उसवणं एक वेळ समजू शकतो. हे गृहस्थ स्वतःचंच उसवायचे. टीप जरा तिरकी वाटली, उसव. कॉलर बसली नाही, उसव. कॉलर छान बसली, पण मनात आलं की अजून छान बसली असती, तरी उसव! एकदा एक बाई ब्लाउज न्यायला आल्या. वरूनच अंगात घालून आरशात बघत होत्या, "झकास झालाय हो काका" असं म्हणतही होत्या, आणि काकांनी मागच्या मागे बाहीची शिवण उसवायला घेतलेली. त्या बाईंची किंकाळी ऐकून शेजारचा न्हावी अर्धी दाढी टाकून धावत आला होता. धागे तोडायची छोटी कात्री काकांच्या गळ्यात दोरीने कायम लटकत असायची. झोपताना ती काढून ठेवा, एवढ्यासाठी काकूंना लग्नानंतर बरीच वर्षं भांडावं लागलं.

शिवण तपासायची त्यांची पद्धतही ठरलेली होती. दिवा डाव्या हातात घ्यायचा, हात लांब करून अगदी बाजूला धरायचा आणि कापडाला नाक लावून बघायचं. बाजूच्या उजेडात टाक्यांची सावली पडते, आणि तिरकी गेलेली टीप चोरासारखी सापडते. दिवा तोंडासमोर धरणाऱ्याला शिंपी म्हणायचंच नाही, असं त्यांचं मत होतं. हे मत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण ते सगळ्यांना ऐकावं लागायचं.

तर अशा माणसाच्या घरात बस चालवणारी सून आली. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी, आणि सूनबाई इथे शहराची मोठी बस चालवणार. सून बस चालवते याचा काकांना भारी अभिमान होता. पण तो रस्त्याच्या कडेला उभं राहून बाळगायचा अभिमान होता. आत बसायचं म्हटलं की "माझे पाय अजून धड आहेत" म्हणून ते चालू लागायचे. सूनबाई हसून सोडून द्यायची.

अशी काही वर्षं गेली. मग एका साली थंडीचे दिवस आले, दिवस आखूड झाला, आणि शाळा सुटायच्या वेळेला बाहेर काळोख पडायला लागला. एका संध्याकाळी सूनबाई घरी आली ती बूटही न काढता स्टुलावर बसून राहिली. काकूंनी पुढे केलेला चहा तिने हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

"आई, आज शाळेच्या वळणावर एक मूल मला अगदी शेवटच्या क्षणी दिसलं. ब्रेक लागला म्हणून बरं. तिथला दिवा कधीचा बंद आहे, तक्रारी करून थकले मी. आणि सगळी पोरं त्या गडद निळ्या कोटात. काळोखात निळा कोट म्हणजे काही नाहीच हो. नुसता काळोख रस्ता ओलांडतोय असं वाटतं."

शाळेचे ते निळे कोट कोणी शिवले होते? अर्थातच काकांनी. रंगही त्यांनीच निवडून दिला होता. त्यांनी लगेच मान ताठ केली. "मळखाऊ रंग आहे तो. मुलांच्या कपड्यांना तसाच रंग लागतो."

"मळच काय बाबा, पोरंसुद्धा खातोय तो रंग," सूनबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने, पण काकांनी तोंडातला सुपारीचा तुकडा चावायचं थांबवलं. कारण त्याच वळणावरून, तसाच कोट घालून, त्यांची नातही घरी यायची. भिंगरी म्हणायचे तिला; ती सरळ चालत नसे, फिरत फिरत चालायची. सूनबाईची ती एकुलती एक. आणि काकांचा जीव की प्राण.

दुसऱ्या दिवशी सूनबाई शाळेतल्या मोठ्या बाईंना भेटून आली. ठरलं असं की शनिवार-रविवारच्या सुटीत सगळे कोट काकांकडे यायचे, दोन्ही बाह्यांवर आणि पाठीवर चमकणारी पट्टी लागायची, आणि सोमवारी सकाळी कोट परत शाळेत. तोवर मुलांनी एकमेकांचे हात धरून साखळीनेच रस्ता ओलांडायचा, असा बाईंनी दम भरला. पट्टीचं भेंडोळं सूनबाईने स्वतः बाजारातून आणून काकांपुढे ठेवलं.

काकांनी ते दोन बोटांत उचललं. "ही चमकणारी? अगं, ही तर पायपुसण्याला लावायच्या लायकीची आहे. राखाडी, मळकट. कोणी दिली तुला? परत कर."

"बाबा, लावा तुम्ही. रात्री चमकते ती."

"रात्री तर उंदराचे डोळेपण चमकतात. म्हणून काय कोटाला उंदीर लावू?"

पण सुनेचा शब्द त्यांनी मोडला नाही. नाक मुरडत, मशीनला शिव्या घालत, त्यांनी शनिवारी सगळ्या कोटांना पट्ट्या लावल्या. शिवण अर्थातच देखणी. पट्टी मात्र त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. नव्याकोऱ्या कोटांवर कुणीतरी राखेचे हात पुसावेत तशी ती दिसत होती. सूनबाई त्या दोन दिवसांत जादा पाळीवर. घरी येत होती ती फक्त झोपायला. म्हणजे रान मोकळं.

अंधार पडल्यावर काकांनी जाहीर केलं, "तपासल्याशिवाय माझ्या दुकानातून माल जात नाही." मागच्या अंगणात भिंतीवरच्या खिळ्याला एक कोट लटकवला गेला. घरातले दिवे बंद झाले. काकूंना दारात बॅटरी देऊन उभं केलं आणि काका स्वतः जाऊन उभे राहिले कोटाच्या शेजारी, कापडाला नाक लावून. "मार उजेड!"

काकूंनी चष्मा सारखा करता करता बॅटरी तोंडाजवळ धरली आणि बटण दाबलं. "अगंबाई! अहो, काय लखलखतंय!"

"काय लखलखतंय?"

"पट्टी! दिव्यासारखी पेटली की हो!"

काकांनी पट्टी वरून पाहिली, खालून पाहिली, बाजूने पाहिली. होती तश्शी राखाडी. "मला तर काही दिसत नाही. तुझा मोतीबिंदू काढल्यापासून तुला सगळंच लखलखतं. परवा भांड्यांचा साबण लखलखत होता."

"साबणाचं जाऊ द्या. तुम्ही इकडे येऊन बघा ना."

मग काका दारात आले. बॅटरी त्यांनी हातात घेतली, आणि आयुष्यभराच्या सवयीने डावा हात लांब करून पार बाजूला धरली. उजेड कोटावर पडला. पट्टी राखाडीच. "बघ! तुझा लखलखाट कुठे गेला?"

"अहो, असं नाही, इथे, तोंडाजवळ धरा."

"दिवा तोंडाजवळ? मला शिवणकाम शिकवतेस?"

संपलं. काकांचा पारा चढला होता. सुनेला बाजारात कोणीतरी साफ फसवलं, पोरांच्या जिवाशी खेळ चाललाय, आणि हे फसवणुकीचं पायपुसणं माझ्या हातून कोटावर लागलंय, असं त्यांनी अंगणालाच ऐकवलं. गळ्यातली कात्री हातात आली. काकू म्हणाल्या, "निदान सूनबाईला विचारा." काका म्हणाले, "ती दमून आलेली असते. तिला कशाला त्रास?" सुनेची इतकी काळजी त्यांना एरवी कधी वाटली नव्हती.

आणि रविवारभर ते उसवत बसले. प्रामाणिकपणे सांगायचं तर एवढ्या आनंदाने त्यांनी आयुष्यात काही उसवलं नसेल. पट्ट्यांच्या जागी काय लावायचं तेही त्यांनी ठरवलं होतं. एका बँडवाल्यांच्या पोशाखातून उरलेली मोहरी रंगाची साटीन त्यांच्या पेटीत होती, तिचा बारीक गोट काढला आणि बाह्यांना, पाठीला, कॉलरला किनारीसारखा फिरवला. निळ्यावर पिवळा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कोट असे खुलले की काकांनी मशीनवर हात ठेवून स्वतःचंच काम घटकाभर बघत बसावं. दिसायला पाहिजेत ना पोरं? मग ही काय आंधळ्यालाही दिसतील!

"भिंगरीचा कोट कुठाय?" मध्येच त्यांच्या लक्षात आलं.

"धुतलाय. ओला आहे," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "ओल्या कापडाला हात लावणार आहात का?"

ओल्या कापडाला काका हात लावत नसत. विषय तिथेच राहिला.

सोमवारी सकाळी गठ्ठे शाळेत पोचवायच्या गडबडीत नात कोणता कोट घालून गेली हे त्यांनी पाहिलंही नाही. मोठ्या बाईंनी गोटावर बोट फिरवलं. "ही चमकणारी पट्टी का? मला वाटलं काहीतरी वेगळं असेल."

"याहून चांगलं मिळायचं नाही, बाई," काका म्हणाले. बाईंनी मान डोलावली. शिंप्याला शिवणातलं आपण काय सांगणार, असं त्यांनाही वाटलं असावं.

आता काकांच्या पोटात कौतुक मावेना. घरी जेवताना सूनबाईने विचारलं, "बाबा, लागल्या पट्ट्या?" तर काका मिशीत हसले. "संध्याकाळी कळेल. आज मी येणार आहे तुझ्या बसमधून."

सूनबाईचा घास हातातच राहिला. तिने सासूकडे पाहिलं. सासू ताटातल्या मिठाकडे बघत होती.

संध्याकाळी काका ठेवणीतली टोपी घालून थांब्यावर हजर. बसमध्ये चढून ते पहिल्या सीटवर बसले, पुढच्या दांडीला दोन्ही हातांनी पकडून. बस निघाली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. काही पडलं-बिडलं नाही असं बघून हळूच उघडले. दोन थांबे गेले, तसे ते शेजारच्या मफलरवाल्या बाईंना सांगू लागले, "ड्रायव्हर माझी सून आहे. आणि आता पुढे शाळेचं वळण येईल ना, तिथली मुलं नीट बघा. कोट मीच शिवलेत. पिवळा गोट आहे. दुरून उठून दिसतो."

"हो का?" म्हणत मफलरवाल्या बाई पुढे सरकल्या.

वळण आलं. बाहेर धुकं, काळोख, आणि बसच्या दिव्यांचा लांब पट्टा तेवढा रस्त्यावर पडलेला. काका काचेला टोपी टेकवून बघू लागले. पिवळं काही दिसेना. निळं तर नाहीच नाही. रस्ता चाटून पुसून रिकामा.

"अजून शाळा सुटली नाही वाटतं," काका म्हणाले.

तेवढ्यात दूर समोर, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, काहीतरी पांढरंशुभ्र पेटलं. एक रेघ, आणि लगेच दुसरी. रेघा वर-खाली हलत होत्या, गोल फिरत होत्या. माणूस नाही, कोट नाही, नुसता हलणारा उजेड.

"हे काय गं?" काकांनी विचारेपर्यंत सूनबाईचा पाय ब्रेकवर गेला होता. बस करकरत, कण्हत थांबली. काकांची टोपी पुढे गेली, त्यांचं नाक दांडीवर आपटलं, आणि मफलरवाल्या बाई त्यांच्या मांडीवर येऊन बसल्या.

बस उभी राहिली तिच्यापुढे थोड्याच अंतरावर मुलांची साखळी रस्ता ओलांडत होती. जवळून, दिव्यांच्या भर उजेडात, आता ती दिसत होती. निळे कोट, बारीक मोहरी गोट. हातात हात. आणि साखळीच्या मधोमध, गिरक्या घेत, दोन्ही बाजूंच्या पोरींना ओढत, भिंगरी. तिच्या बाह्यांवरची राखाडी पट्टी अशी पेटली होती की बघवत नव्हतं. बस ओळखीची दिसताच तिने हात हलवला आणि पुढे निघून गेली. तिला बापडीला काय माहीत?

काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नाक चोळायचंही ते विसरले.

सूनबाईने समोरची नजर हलवली नाही. शेवटचं मूल पलीकडे पोचेपर्यंत थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, बाकीच्या मुलांच्या पट्ट्या कुठायत?"

"उसवल्या."

"उसवल्या?"

"चमकत नव्हत्या गं. मी तपासलं होतं. नाक लावून तपासलं." त्यांचा आवाज बारीक होत गेला. "तुला... तुला ती बाकीची पोरं दिसली होती का?"

"नाही," सूनबाई म्हणाली. "एकच दिसली. बाकीची तिच्या हाताला होती म्हणून वाचली."

तिने गिअर टाकला.  मागून कुणीतरी ओरडलं, "काय हो, गाडी चालवता की..." त्याला मफलरवाल्या बाईंनीच असं झापलं की पुढचे सगळे थांबे तो गप्प बसला. काका खाली मान घालून बसले होते. निम्म्या रस्त्यात त्यांनी डोळे पुसले, आणि नाक फार दुखतंय असं कुणी न विचारता सांगितलं.

घरी आल्या आल्या त्यांनी भिंगरीला आधी घट्ट धरलं. मग तिचा कोट मागून घेतला, अंगणात त्याच खिळ्याला लटकवला आणि दारात येऊन बॅटरी मागितली.

"कुठे धरू?" त्यांनी विचारलं. आपण कुणाला तरी काहीतरी विचारलं, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

"तोंडाजवळ, बाबा," सूनबाई म्हणाली. "ही पट्टी उजेड जिथून येतो तिथेच परत पाठवते. गाडीचे दिवे ड्रायव्हरच्या पुढ्यातच असतात, म्हणून ड्रायव्हरला दिसते. शेजारी उभं राहणाऱ्याला काय दिसणार?"

काकांनी बॅटरी नाकाला टेकवली. बटण दाबलं. आणि "अरे देवा" म्हणून दोन पावलं मागे आले.

"लखलखतंय?" काकूंनी विचारलं.

काकांनी बॅटरी विझवून पुन्हा लावली.

"की मोतीबिंदू झालाय?"

"कोट धुतला नव्हतास तू," काका म्हणाले.

"नव्हता धुतला. माझ्या गादीखाली होता. मला दिसलं ते दिसलं होतं. सगळे कोट काही गादीखाली मावत नव्हते, नाहीतर ते पण ठेवले असते. सूनबाईला सांगायचा धीर मात्र झाला नाही." काकूंनी पदर खोचला. "इतकी वर्षं तुमचं उसवणं सहन केलं हो मी. पण पोरीच्या कोटाला नसता हात लावू दिला."

 काकूंच्या हातात बॅटरी परत देताना काकांनी ती जरा जास्त वेळ धरून ठेवली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत शिलाई मशीन हातगाडीवर चढून शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसलं होतं. उसवलेल्या पट्ट्या काकांनी फेकल्या नव्हत्या. चिंधीसुद्धा न फेकणारा माणूस तो. मोठ्या बाई बाहेर आल्या तर काका टोपी काढून उभे. "बाई, काल मी तुम्हाला भलतंच सांगितलं. आज अंधार पडायच्या आत एकही पोर पट्टीशिवाय फाटकाबाहेर जाता कामा नये. तुम्ही वर्ग सोडा एकेक."

वर्ग सुटू लागले. पोरं कोट काढून रांगेत उभी, मधल्या सुटीत रांग मोडली, पुन्हा लागली, कुणाचा कोट कुणाला गेला, एकाच्या खिशातून जिवंत बेडूक निघाला आणि मशीनच्या चाकावर जाऊन बसला. काकू धागे तोडत होत्या. काका पाय मारत होते. गोट तसाच राहू दिला त्यांनी, त्याच्यावरूनच पट्टी चढवत गेले. तो सुंदर मोहरी गोट पट्टीखाली गडप होत होता आणि त्यांचा चेहराही हलत नव्हता.

ऊन उतरायला लागलं. "अहो, ही टीप तिरकी गेलीय," काकूंनी एक कोट पुढे केला. पाठीवरची पट्टी चांगली बोटभर उताराला लागली होती.

काकांचा हात गळ्यातल्या कात्रीकडे गेला. काकू बघतच राहिल्या. बाहेर रस्त्यावरच्या गाड्यांनी दिवे लावायला सुरुवात केली होती.

"राहू दे," काका म्हणाले. "पुढचा दे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द काकूंनी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्यांनी पुढचा कोट दिला.

शाळा सुटायच्या जरा आधी काका थांब्यावर गेले आणि कुणी बोलावलं नसताना सूनबाईच्या बसमध्ये चढून पहिल्या सीटवर बसले. दांडी घट्ट धरली. वळण आलं. धुकं कालच्यासारखंच होतं, दिवा कालच्यासारखाच बंद. आणि त्या काळोखात, खूप दूर, बसचे दिवे पोचले न पोचले तोच अख्खी साखळी पेटली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक रेघ मध्येच गरागरा फिरत होती, ती कोण हे सांगायला नको. सूनबाईने आधीच वेग कमी केला होता. बस आली, हळूच थांबली, कुणाचं नाक कशावर आपटलं नाही.

मुलं पुढ्यातून जाऊ लागली. शेवटून दुसऱ्या पोराने पाठ वळवली, आणि त्याच्या पाठीवरची पट्टी स्पष्ट तिरकी चमकली. काकांचे हात शिवशिवले. त्यांनी ते दोन्ही मांडीखाली घालून त्यांच्यावर बसकण मारली.

"दिसतात ना गं सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी दिसतात, बाबा," सूनबाई म्हणाली, आणि शेवटचं पोर पलीकडे गेल्यावर हसली. "तो तिरक्या पट्टीवाला तर सगळ्यांत आधी दिसला."

"कुठली तिरकी?" काका म्हणाले. "मला तर काही तिरकं दिसलं नाही."